पांढरी पाचमधली शीळ

कोजागरीला आमच्या मंडळात पहिलं गाणं माझं, हे गेली वीसएक वर्षं ठरलेलं. गेल्या वर्षी मात्र मी गच्चीच्या कोपऱ्यात गळ्यात छोटी वही अडकवून बसले होते. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘घशाचं ऑपरेशन झालंय. बोलायला बंदी आहे. राग मानू नका.’ जो येईल त्याला ते पान दाखवायचं. दूध आटत होतं, जायफळाचा वास सुटला होता. माझ्याऐवजी गाणाऱ्या मुलीचा षड्ज जरासा चढा लागला, तेव्हा माझी बोटं आपसूक गुडघ्यावर खाली दाबली गेली, जणू तिथून तो सूर उतरवता येणार होता.

मी इंदूरला रामबागेत राहते आणि घरीच गाणं शिकवते. तीसेक मुलं येतात. गेल्या गणेशोत्सवाच्या आधी दोन महिने समूहगीतांची तयारी चालली होती. लहान मुलांच्या पट्टीत, पेटी आणि तबल्याच्या वर आवाज काढून शिकवायचं, आणि वर्ग संपला की सासूबाईंशी बोलायचं. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे घरातलं साधं बोलणंही टिपेच्या आवाजात. अनंत चतुर्दशी येईपर्यंत माझा वरचा गंधार चिरायला लागला. त्याच्या पुढे नुसती हवा. ज्येष्ठमध, हळद-दूध, मिठाच्या गुळण्या, सगळं करून झालं. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं. डाव्या स्वरतंतूवर ज्वारीच्या दाण्याएवढा पॉलिप, म्हणजे छोटी मऊ गाठ, होती.

डॉक्टरांनी ते पडद्यावर मला दाखवलं. दोन पांढुरक्या पट्ट्या उघडत होत्या, मिटत होत्या. ज्यांच्या जिवावर मी चाळीस वर्षं गायले त्यांना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. किती लहान असतात! करंगळीच्या नखाच्या लांबीपेक्षा फार मोठ्या नाहीत.

ऑपरेशन झालं. आठ दिवस पूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजतानाही स्वरतंतूंवर ताण येऊ शकतो. खाकरायचं नाही. त्यानंतर तीन आठवडे मोजकं बोलणं, आणि गाणं निदान दोन महिने नाही. घरात एकीला बोलता येत नाही आणि दुसरीला ऐकू येत नाही, अशी आम्ही दोघी सासू-सुना दिवसभर एकाच वहीत लिहून बोलायचो. त्यांचं अक्षर अजून मोत्यासारखं आहे हे मला लग्नानंतर तीस वर्षांनी कळलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी पुण्याहून मुलाचा मेसेज आला. ‘आई, याच्याही घशात हेच झालं होतं. ऑपरेशननंतर त्यानं काय गायलं ते ऐक.’ खाली ‘सिटिन ऑन द डॉक ऑफ द बे’ या गाण्याची लिंक आणि गायकाचं नाव : ओटिस रेडिंग.

माझ्या कानावर हे नाव कधी पडलं नव्हतं. आमच्या घरात गाणं म्हणजे ख्याल, नाट्यगीत, भावगीत, सणावाराला भजन. इंग्रजी गाणी मुलाच्या खोलीत दार लावून वाजायची, आणि मी कधी ते दार ठोठावलं नाही. आता वाईट वाटतं.

दुपारी सगळे झोपल्यावर मी हेडफोन लावले. सुरुवातीला समुद्राच्या लाटा ऐकू येतात. मग बेस आणि गिटार, आणि एक आवाज. घाई नाही, जोर नाही. एक माणूस धक्क्यावर बसून भरती-ओहोटी बघतोय, एवढंच. घरापासून दोन हजार मैल आलाय, हाताला काही लागलेलं नाही. अडीच-पावणेतीन मिनिटांचं गाणं, आणि शेवटी शब्द संपतात, तो शीळ घालतो, शीळ हळूहळू विरत जाते.

मी पेटी उघडली. आवाजाला बंदी होती, बोटांना नव्हती. गाणं पांढरी पाचमध्ये आहे, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी षड्ज धरून. वरची चाल बिलावलासारखी सरळ वाटते, पण मागे गिटार जे स्वरसंघ, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरते त्यात एकदा कोमल धैवत डोकावतो आणि एकदा तीव्र मध्यम, आणि दोन्ही येऊन चटकन निघून जातात. निवांत बसलेल्या माणसाच्या मनात मधेच काहीतरी खुपावं तसं. पुढे वाचताना याचं कारण सापडलं. ओटिस गिटार शिकलेला नव्हता. तो गिटारच्या सगळ्या तारा मिळून एकच मेजर, म्हणजे उजळ रंगाचा, स्वरसंघ वाजेल अशा लावायचा आणि एक बोट आडवं ठेवून वरखाली सरकवायचा. जिथे थांबेल तिथे मेजरच. म्हणून दुःखाच्या गाण्यातही त्याच्याकडे मायनर, म्हणजे उदास रंगाचा स्वरसंघ, फारसा येत नाही. साधनाची मर्यादा होती, आणि तिच्यातूनच त्याच्या गाण्याचा रंग आला.

त्या आठ दिवसांत आणि पुढच्या तीन आठवड्यांत मी त्याचं मिळेल ते ऐकलं, मिळेल ते वाचलं.

ओटिसचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या डॉसन गावचा. तो लहान असतानाच कुटुंब मेकन शहरात आलं. वडील प्रवचन करायचे, मुलगा चर्चच्या गायनसमूहात गायचा. पुढे वडिलांना क्षयानं गाठलं आणि घराला हातभार म्हणून ओटिसनं पंधराव्या वर्षी शाळा सोडली. विहिरी खणण्याच्या कामावर गेला, पेट्रोल पंपावर राबला. मेकनच्या डग्लस थिएटरात दर आठवड्याला होतकरू मुलांची गाण्याची स्पर्धा व्हायची, बक्षीस पाच डॉलर. ती तो लागोपाठ पंधरा आठवडे जिंकला.

ओटिसच्या गाण्याला सोल म्हणतात. हा शब्द मला आधी नुसता ऐकून माहीत होता. ऐकत गेले तसं माझ्या परीनं असं समजलं : कृष्णवर्णीय चर्चमधल्या भजनाची जी पुकार आहे, ती तशीच उचलून प्रेमाच्या, विरहाच्या, रोजच्या जगण्याच्या गाण्यात आणलेली. आपल्याकडे भजनात बुवा एक ओळ टाकतात आणि टाळकरी ती झेलतात. तिथेही गाणारा हाक देतो आणि समूह ओ देतो. ओटिसच्या रेकॉर्डमध्ये ही ओ द्यायला कोरसच्या मुली सहसा नसतात. ते काम ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन करतात. आणि त्या वादकांना तो त्यांचे तुकडे कसे द्यायचा? गाऊन. त्याला नोटेशन येत नव्हतं. वाजवणाऱ्यांपुढे उभं राहून एकेकाला त्याचा तुकडा तो तोंडानं म्हणून दाखवायचा, आणि ते तसाच वाजवायचे. हे वाचलं तेव्हा मी वहीत, कुणाला दाखवायचं नसतानाही, लिहून ठेवलं : ‘गुरुमुखी विद्या.’

त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण कसं झालं ते मी वर्गातल्या मोठ्या मुलांना दोनदा सांगितलंय. साल १९६२. मेम्फिस शहरात स्टॅक्स नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी होती. जिम स्ट्युअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी एक बंद पडलेलं सिनेमागृह भाड्यानं घेऊन तिथे स्टुडिओ थाटला होता. खुर्च्या काढल्या, पण जमिनीचा उतार तसाच राहिला. पडदा होता तिकडे यंत्रांची खोली, आणि खाऊच्या गाळ्यात एस्टेलबाईंचं रेकॉर्डचं दुकान. तिथे जॉनी जेंकिन्स नावाच्या गिटारवादकाचं रेकॉर्डिंग ठरलं होतं. जेंकिन्सकडे गाडी चालवायचा परवाना नव्हता, म्हणून मेकनहून गाडी हाकत आणणारा ड्रायव्हर होता ओटिस. सामान उतरवायला तोच. स्टुडिओतल्या लोकांना वाटलं, हा जेंकिन्सचा मदतनीस.

जेंकिन्सचं काही जमेना. दिवस संपत आला. ठरलेल्या वेळेतला जेमतेम अर्धा-पाऊण तास उरला आणि त्या धिप्पाड ड्रायव्हरनं दिवसभर जो धोशा लावला होता तो एकदाचा मान्य झाला : एकदा मला गाऊ द्या. पियानो वाजवणारा निघून गेला होता, म्हणून गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर पियानोवर बसला. ओटिसनं स्वतःचंच एक गाणं म्हटलं, ‘दीज आर्म्स ऑफ माइन’.

ते मी ऐकलं तेव्हा पहिल्या शब्दाशी थांबवून पुन्हा लावलं. पहिला शब्द तो किती लांबवतो! ताल मागे थांबलाय, पियानो टिकटिक करतोय, आणि हा सम गाठायची घाईच करत नाही. विशी-एकविशीचा पोरगा, आयुष्यातली एकुलती एक संधी, घड्याळ पुढे सरकतंय, आणि तो ठहराव धरून उभा आहे. मी जन्मभर मुलांना सांगत आलेय की सुरावर थांबायला धीर लागतो. हा धीर शिकवता येतो की नाही, मला अजून कळलेलं नाही.

पुढची पाच वर्षं म्हणजे नुसती धावपळ. बसमधून, विमानातून गावोगावी कार्यक्रम, मधेच मेम्फिसला येऊन रेकॉर्डिंग. ‘ओटिस ब्लू’ हा त्याचा गाजलेला अल्बम ९ आणि १० जुलै १९६५ ला, चोवीस तासांत उरकला. मधे वादक रात्री आपापल्या कार्यक्रमांना गेले, पहाटे दोनला परत आले आणि सकाळपर्यंत वाजवत राहिले. त्यात तीन गाणी सॅम कुक या गायकाची आहेत. सॅम कुक ओटिसचं दैवत. तो ११ डिसेंबर १९६४ ला, तेहेतिसाव्या वर्षी गोळी लागून गेला होता. त्याच अल्बममध्ये ‘रिस्पेक्ट’ आहे, ओटिसनं स्वतः लिहिलेलं. दमून घरी येणारा पुरुष बायकोकडे मान मागतो असं ते गाणं. दोन वर्षांनी अरीथा फ्रँकलिन या गायिकेनं तेच बाईच्या बाजूनं गायलं आणि अर्थच फिरला. आज जगाला ते अरीथाचं म्हणून ठाऊक आहे. मला तिचंच जास्त आवडतं, हे ओटिसवर एवढा जीव जडल्यावरही सांगते. एका मुलीनं हे गाणं माझ्याकडून नेलं, असं ओटिस स्वतः मंचावरून मोकळेपणानं म्हणाला होता.

एक गोष्ट मात्र घाईत उरकायची नाही. त्या स्टुडिओत जे लोक त्याच्यामागे वाजवायचे, त्यांत बुकर टी. जोन्स आणि ड्रमवादक अल जॅक्सन कृष्णवर्णीय, स्टीव्ह क्रॉपर आणि बेसवादक डक डन गोरे. साठच्या दशकातल्या मेम्फिसमध्ये हे चौघं रस्त्यावर एकत्र जेवायला बसले असते तर लोकांनी डोळे वटारले असते. आत, त्या उतरत्या जमिनीवर, ते एका लयीत होते.

‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’ हे गाणं त्याचं नाही. १९३२ सालचं जुनं, गुळगुळीत, कोट-टाय घालून गायलेलं प्रेमगीत. १९६६ मध्ये ओटिसनं ते हातात घेतलं. सुरुवातीला फक्त वाद्यांची छोटी आलापी, मग अगदी संथ गाणं, जवळजवळ कानात सांगितल्यासारखं. थोड्या वेळानं अल जॅक्सन ड्रमच्या कडेवर काठी टकटक वाजवायला लागतो. नुसती टकटक, घड्याळासारखी. लय वाढलेली नाही, पण वाढणार हे तुमच्या पोटाला कळतं. मग पियानो, मग गिटार, मग ट्रम्पेट, एकेक येऊन मिळत जातं, आणि शेवटी ओटिसचे शब्द सुटतात आणि नुसते बोल उरतात. तुकडे, अक्षरं, दणके.

मी उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या इंदूरची. अतिविलंबित झुमरा तालात एकेक सूर कसा उमलतो ते ऐकत वाढले. विलंबितातून द्रुतात जाताना श्रोत्याचा श्वास कसा बदलतो, तो मला माहीत होता. हा माणूस तेच चार मिनिटांच्या आत करतो आणि कुठेही उडी मारल्यासारखं वाटत नाही. माझ्या बाई, ज्यांच्याकडे मी शिकले, म्हणायच्या की लय वाढवायची नसते, तापवायची असते. त्या आज असत्या तर त्यांना हेडफोन लावून हे ऐकवलं असतं.

१७ जून १९६७ च्या रात्री मॉन्टरेच्या संगीत महोत्सवात तो गायला. कॅलिफोर्नियातला समुद्रकाठचा गाव, समोर बहुतेक गोरी, लांब केसांची तरुण मुलं, ज्यांनी त्याला फारसं ऐकलेलं नव्हतं. हिरवट सूट घातलेला ओटिस, मागे स्टॅक्सची मंडळी. पाचच गाणी झाली. त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे. मी ते आवाज बंद करूनही पाहिलंय. तो नाचत नाही, जागच्या जागी पाय आपटत कवायत केल्यासारखा चालतो, आणि सगळं गाणं त्या पायांतून वर येतं. त्या वर्षी इंग्लंडच्या ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकाच्या वाचकांनी सर्वोत्तम गायक म्हणून त्याला निवडलं. त्याआधी कित्येक वर्षं तो मान एल्व्हिस प्रेस्लीचा असायचा.

ऑगस्टमध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला कार्यक्रमांसाठी गेला, आणि खाडीपलीकडे सॉसलिटो इथे पाण्यावरच्या एका नौकाघरात राहिला. धक्क्यावर बसून त्यानं, मुलानं मला पाठवलेल्या त्या गाण्याच्या पहिल्या ओळी तिथेच जुळवल्या. आणि मग घसा.

वर्षानुवर्षं रोज रात्री तसं गायल्यावर स्वरतंतूंवर पॉलिप झाले नसते तरच नवल. ऑपरेशन झालं आणि कित्येक आठवडे गाणं बंद. इथे मी वाचायची थांबले. तो त्या आठवड्यांत काय करत असेल ते मला कुणी सांगायला नको होतं. मनातल्या मनात गाताना घसा हलतो, आणि तो हलू द्यायचा नाही म्हणून माणूस गिळतो. स्वप्नात आपण बोलतो आणि दचकून जागे होतो, की खरंच बोललो का. बोलायची परवानगी मिळाली तरी पहिले काही दिवस आवाज दुसऱ्याचाच वाटतो. आणि सगळ्यात मोठी भीती कुणाला लिहूनही दाखवत नाही : तो येईल, पण तसाच येईल का? माझं जग रामबागेतल्या तीस मुलांचं. त्याच्यावर घर, वादक, कंपनी, सगळ्यांची भिस्त होती, आणि तो जेमतेम सव्वीस वर्षांचा होता. माझा मुलगा यंदा सव्वीस पूर्ण करेल.

देवास इथून पस्तीस-चाळीस किलोमीटर. आम्हा माळव्यातल्या मराठी माणसांना गवयाच्या मौनाची गोष्ट नवी नाही. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाचं दुखणं घेऊन देवासला आले तेव्हा चोवीस वर्षांचे होत होते. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. जवळजवळ पाच वर्षं ते अंथरुणावर पडून आजूबाजूला काय गायलं जातंय ते ऐकत राहिले. बायकांची माळवी गाणी, रस्त्यानं जाणाऱ्यांची भजनं. १९५३ मध्ये ते पुन्हा गायला बसले तेव्हा एक फुप्फुस जवळपास निकामी होतं, आणि गाणं बदललेलं होतं. श्वास पुरत नव्हता म्हणून लहान लहान तुकडे, मधे जागा, आणि त्या जागेत काहीतरी लख्ख दिसायचं. लहानपणापासून ही गोष्ट मी ऐकत आले. ती माझ्या घशात उतरली ती मात्र गेल्या वर्षी.

ओटिसचं मौन पाच वर्षांचं नव्हतं, आठवड्यांचं होतं. पण नोव्हेंबरच्या शेवटी तो स्टॅक्समध्ये परत आला तेव्हा आवाज स्वच्छ झाला होता, असं त्याच्याबरोबर वाजवणारे सांगतात. आणि मग तो थांबेना. दिवस-रात्र रेकॉर्डिंग. त्या थोड्याशा आठवड्यांत त्यानं इतकं गाऊन ठेवलं, की पुढे १९७० पर्यंत त्याचे नवे अल्बम निघत राहिले. त्यातच सॉसलिटोच्या त्या ओळी त्यानं क्रॉपरसोबत पूर्ण केल्या. ‘सिटिन ऑन द डॉक ऑफ द बे’चं रेकॉर्डिंग २२ नोव्हेंबरला सुरू झालं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यावर उरलेलं काम झालं. स्टॅक्समधल्या काहींना ते फारसं पटलं नव्हतं. फार मऊ, फार वेगळं. ओटिस म्हणजे पाय आपटणारा, घाम गाळणारा, पुकार करणारा, ही लोकांची सवय होती.

१० डिसेंबर १९६७, रविवार. क्लीव्हलंडहून मॅडिसनला जायचं होतं, संध्याकाळी कार्यक्रम. ओटिसचं स्वतःचं छोटं बीचक्राफ्ट विमान. बरोबर बार-केज नावाचा वादकांचा ताफा, सगळी अठरा-एकोणीस-वीस वर्षांची मुलं. हवा वाईट होती, धुकं आणि पाऊस. दुपारी साडेतीनच्या सुमारास धावपट्टी काही मैलांवर असताना विमान मोनोना तलावाच्या गारठलेल्या पाण्यात कोसळलं. ओटिस, वैमानिक, ओटिसचा मदतनीस आणि बार-केजमधली चार मुलं गेली. जिमी किंग, रॉनी कॉल्डवेल, फेलन जोन्स, कार्ल कनिंगहॅम. ही नावं मी मुद्दाम लिहितेय, कारण ओटिसच्या गोष्टीत ती बहुतेक वेळा ‘आणि इतर’ होऊन जातात. ट्रम्पेट वाजवणारा बेन कॉली एकटा वाचला. त्याला पोहता येत नव्हतं. विमानातल्या बसायच्या जागेची उशी हातात आली, तिला धरून तो तरंगत राहिला, आणि मित्रांच्या हाका त्याला ऐकू येत होत्या. बेसवादक जेम्स अलेक्झांडर जागा नव्हती म्हणून दुसऱ्या विमानानं गेला होता. पुढे याच दोघांनी बार-केज पुन्हा उभा केला.

१८ डिसेंबरला मेकनच्या सभागृहात साडेचार हजार माणसं निरोपाला आली. क्रॉपरनं त्याच दिवसांत, मित्र गेल्याचं दुःख उशाशी घेऊन, ‘डॉक ऑफ द बे’ पूर्ण केलं. लाटांचे आणि समुद्रपक्ष्यांचे आवाज त्यानंच घातले. जानेवारीत रेकॉर्ड बाजारात आली आणि १६ मार्च १९६८ ला अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली. गायक गेल्यानंतर पहिल्या क्रमांकावर आलेलं ते तिथलं पहिलंच गाणं.

म्हणून लोक ते निरोपाचं गाणं म्हणून ऐकतात. मुलगाही फोनवर म्हणाला, “आई, त्याला आधीच कळलं होतं असं वाटतं ना?” मी तेव्हा बोलायला लागले होते, दिवसाला दहा मिनिटं. त्यातली तीन मी त्यावर घालवली.

मला तसं अजिबात वाटत नाही. मरणाची चाहूल लागलेल्या माणसाचं गाणं असं नसतं. आवाज परत मिळालेल्या माणसाचं असं असतं. पेल्यात चार बोटं पाणी घ्यायचं, त्यात स्ट्रॉ बुडवून तोंडातून ‘ऊ’ काढायचा, बुडबुडे एकसारखे यायला हवेत, हा व्यायाम मी रोज सकाळी करत होते. ज्या दिवशी तो ‘ऊ’ न फाटता पंचमापर्यंत गेला, त्या दिवशी मला जोर लावावासा वाटला नाही. मला तो सूर नुसता ठेवावासा वाटला, ताटलीत पाणी ठेवतात तसा. सांडू नये म्हणून. ओटिस त्या गाण्यात तेच करतो. पाच वर्षं जो प्रत्येक ओळीशी झुंजला, तो सूर ठेवतोय. पुढे काय काय गायचं ते त्याच्यासमोर होतं. म्हणून तर रात्र-रात्र गात होता. ते शेवटचं गाणं झालं ते पाण्यानं आणि धुक्यानं. त्यानं ते पहिलं म्हणून गायलं होतं.

माझा आवाज आलाय. वरचा गंधार पूर्वीसारखा नाही, थोडा पातळ आहे, पण खर्ज आधीपेक्षा भरीव झालाय असं मला वाटतं. वर्ग पुन्हा सुरू झालेत. आता मी लहानांच्या पट्टीत ओरडत नाही, पेटीवर सूर देते आणि थांबते. सासूबाईंशी बोलायची वही आम्ही दोघींनी चालूच ठेवलीय.

वर्गात एक चौदा वर्षांचा मुलगा आहे. दिवाळीनंतर त्याचा आवाज फुटला. कालपर्यंत चांदीच्या घंटेसारखं गाणारं पोर, आणि एकदम षड्जावरच घसरायला लागलं. इतर मुली हसल्या आणि तो दोन आठवडे आलाच नाही. मी त्याच्या आईला फोन केला, त्याला बोलावलं आणि सांगितलं की सहा महिने तू गायचं नाहीस. फक्त यायचं, तंबोऱ्याशी बसायचं, ऐकायचं. त्याला वाटलं मी काढून टाकतेय. मग मी त्याला ओटिसचं गाणं ऐकवलं, आणि माझी गळ्यातली वहीसुद्धा दाखवली, पहिल्या पानासकट. त्यानं ते गाणं पुन्हा मागितलं. नंतर दर मंगळवारी मागतो.

परवा वर्ग सुटल्यावर तो दारात चपला घालत होता आणि ती शेवटची शीळ त्याच्या तोंडून आली. पहिला तुकडा नेमका आला, दुसऱ्याचा शेवटचा सूर थोडा उतरला. या घरात शीळ घातलेली सासूबाईंना कधी खपली नाही. त्या समोर खुर्चीत बसून वाटाणे सोलत होत्या, आणि तशाच सोलत राहिल्या. मी इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची चकती फिरवून पांढरी पाचवर आणली आणि त्याला म्हटलं, “चपला काढ. इकडे बस. पुन्हा घाल बघू.”